उत्तम ध्वनिसंच असलेल्या घरात पेटी शिकताना

मनाजोगता ॲम्प्लिफायर मिळाला, स्पीकर नेमक्या जागी बसले, ध्वनिमुद्रणांचा संग्रह दोन कपाटांत मावेनासा झाला, की ध्वनिसंचाच्या शौकिनाला कधी ना कधी एखादे वाद्य आपल्या हाताने वाजवावेसे वाटू लागते. अशा माणसाची सुरुवात सर्वसाधारण नवशिक्यापेक्षा वेगळी असते. त्याला ऐकण्याची सवय असते आणि ऐकण्याची साधनेही हाताशी असतात. मात्र ही सवय बहुतांशी ध्वनीचा पोत, स्पष्टता आणि उपकरणांतील दोष ओळखण्याची असते, आणि वाद्य शिकताना आधी लागतात ते सूर, लय आणि हात. प्रस्तुत लेख सोलापुरात राहून घरी पेटी शिकू पाहणाऱ्या अशा शौकिनासाठी आहे. घरातील ध्वनिसंच रियाजाच्या कामाला कसा लावावा, हा त्याचा मुख्य विषय आहे.

वाद्याची निवड

पहिले वाद्य म्हणून मी पेटीची, म्हणजे हार्मोनियमची शिफारस करतो. बासरीत केवळ स्वच्छ फुंक साधण्यात बराच काळ जातो. सतारीच्या तारा रोज लावाव्या लागतात, आणि ज्याला सूर अजून नीट ओळखता येत नाही त्याने तारा लावणे हेच एक मोठे काम होऊन बसते. तबला-डग्ग्याला लागून असलेल्या भिंतीपलीकडचे शेजारी सहनशील असावे लागतात. पेटीतून पहिल्या दिवसापासून सूर निघतो, ती रोज लावावी लागत नाही, आणि सोलापूर जिल्ह्यात, जिथे पंढरपूर आहे आणि गल्लोगल्ली भजनी मंडळे आहेत, तिथे साथीला पेटी हवी असणारी माणसे शोधावी लागत नाहीत.

चोखंदळ श्रोत्याचा पेटीवर एक आक्षेप असतो आणि तो खरा आहे. तिचे स्वर ठरलेले असतात, त्यांत मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर सलग घसरत जाणे) निघत नाही, आणि सप्तकाचे बारा समान भाग केलेले असल्यामुळे काही स्वर तंबोऱ्याशी तंतोतंत जुळत नाहीत. याच कारणांनी १९४० पासून १९७१ पर्यंत नभोवाणीवर हार्मोनियमला बंदी होती. विसाव्या शतकाच्या प्रारंभी सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी इंग्रज अधिकारी क्लेमेंट्स यांच्यासह बावीस श्रुतींची (सप्तकाचे बारांऐवजी बावीस सूक्ष्म स्वर असलेली) पेटी घडवण्याचा प्रयत्न केला, तोही या दोषावरचा उपाय म्हणूनच. नवशिक्याने अशा पेटीच्या शोधात पडू नये. साध्या पेटीचा हा दोष स्वतःच्या कानाने ऐकणे हाच शिक्षणाचा एक मोठा भाग आहे, आणि तो ऐकण्यासाठी लागणारी सामग्री शौकिनाच्या घरात आधीच असते.

पेटी विकत घेताना

खर्ज (खालचा) आणि नर (मधला) असे रीडचे, म्हणजे हवेने कंप पावणाऱ्या पितळी जिभांचे, दोन संच असलेली, साडेतीन सप्तकांची साधी पेटी पुरते. कपलर (एक स्वर दाबला की सप्तकाच्या अंतरावरचा स्वरही वाजवणारी जोडणी) आणि स्केलचेंजर (पट्ट्यांचा संच सरकवून षड्ज बदलणारी सोय) यांनी वजन, किंमत आणि बिघाडाच्या जागा वाढतात. पट्टी, म्हणजे षड्जाची उंची, बदलण्याची सोय पुढे उपयोगी पडते, पण सुरुवातीला तीच सोय वेगवेगळ्या पट्ट्यांतून बोटे फिरवण्याचे शिक्षण टाळायला मदत करते. गुजरातेतील पालिताणा येथील रीड प्रसिद्ध आहेत आणि दुकानदार त्यांचे नाव आवर्जून घेतात. तथापि नावापेक्षा पुढील तपासणीवर अधिक भरवसा ठेवावा.

सर्व स्टॉपर (समोरचे, हवेची वाट उघडबंद करणारे खुंट) बंद ठेवून, एकही पट्टी (बोटाने दाबायची कळ) न दाबता भाता मारावा. काही वेळा मारल्यानंतर तो हाताला जड लागला पाहिजे. तो तसाच हलका राहिला, तर हवा कुठेतरी गळते आहे. मग स्टॉपर उघडावेत आणि पुन्हा पट्टी न दाबता भाता मारावा. या वेळी एखादा सूर आपोआप वाजू लागला, तर त्या पट्टीखालची गादी नीट बसत नाही असे समजावे. त्यानंतर प्रत्येक पट्टी एकेक करून अगदी कमी हवेत दाबावी. चांगली रीड मंद हवेतही लगेच बोलते, तर वाईट रीड आधी फुसफुसते आणि मग अचानक ओरडते. खर्जाच्या रीड थोड्या उशिरा बोलणार, हे गृहीत धरावे, पण शेजारशेजारच्या पट्ट्यांत मोठा फरक नसावा.

शेवटी खर्ज आणि नर हे दोन्ही संच एकत्र वाजवून एकच स्वर दहा-बारा सेकंद धरावा. दोन संचांत एका सप्तकाचे अंतर असते, आणि ते बिनचूक लागलेले असतील तर आवाज स्थिर राहतो. लागलेले नसतील, तर आवाज लाटेसारखा वरखाली होतो. फोनवरील ट्युनर ॲपने प्रत्येक स्वर पाच सेंटच्या (सेंट म्हणजे लगतच्या दोन स्वरांतील अंतराचा शंभरावा भाग) आत आहे का हेही पाहता येते, परंतु दोन संचांतील ही लाट ॲपपेक्षा कान लवकर पकडतो. ध्वनिसंचाच्या शौकिनाला ही परीक्षा दुकानदारापेक्षाही चांगली जमते असा माझा अनुभव आहे.

घरी आणल्यावर मात्र पेटी उघडून रीड खरवडण्याचा मोह आवरावा. पितळी जिभेचे टोक खरवडले की सूर चढतो आणि मुळाशी खरवडले की उतरतो, एवढे तत्त्व सोपे आहे. पण गेलेले पितळ परत येत नाही. घरी डागणी घेऊन ॲम्प्लिफायरचे भाग बदलणाऱ्या हातांनी हे काम जाणत्या कारागिराकडेच सोपवावे.

खोली, शहाबादी फरशी आणि कूलर

आपल्याकडील बऱ्याच जुन्या घरांत जमिनीवर शहाबादी फरशी, उघड्या भिंती आणि दहा बाय बाराची खोली असते. अशा खोलीत टाळी वाजवली की भिंतींमधून किणकिणाट ऐकू येतो. पेटीचा मुळातच धारदार असलेला आवाज तिथे आणखी कर्कश होतो, आणि थोड्याच वेळात कान थकल्यामुळे रियाज आटोपता घेतला जातो. यावर स्वस्त उपाय शहरातच विणला जातो. जाड सोलापुरी चादरी दुहेरी-तिहेरी करून पेटीच्या समोरच्या आणि बाजूच्या भिंतीवर टांगाव्यात, पण त्या भिंतीला चिकटवू नयेत. भिंतीपासून सुमारे चार इंच अंतर ठेवले, तर चादर साधारण ८५० हर्ट्झच्या आसपास आणि त्यावरील बऱ्याच भागात चांगले शोषण करते, कारण त्या ध्वनीच्या तरंगलांबीचा पाव भाग जवळपास तेवढाच असतो. भिंतीला चिकटलेली चादर फक्त अगदी वरच्या कंपनांपुरती उपयोगी पडते. खर्जाच्या घुमण्यावर चादरींचा काहीही परिणाम होत नाही. एखादा खालचा स्वर खोलीत अकारण मोठा वाटत असेल, तर बसण्याची जागा फूटभर सरकवून पाहावी. बसण्यासाठी खाली जाड सतरंजी असावी.

एप्रिल-मे महिन्यांत सोलापूरचा पारा चाळिशी ओलांडतो आणि घरोघरी कूलर सुरू होतात. कूलरच्या झोतात पेटी ठेवू नये. दमट हवेने लाकूड फुगते, पट्ट्या अडकतात आणि कालांतराने पितळी रीडवर थर चढून सूर उतरतो. तबला-डग्ग्याच्या कातड्याचे तर त्या हवेत तासाभरात हाल होतात. उन्हाळ्यात रियाज पहाटे करावा. तेव्हा कूलर बंद ठेवता येतो, आणि शहराच्या पूर्व भागात राहणाऱ्यांना यंत्रमागांचा खडखडाट सुरू होण्याआधीचा निवांत वेळही मिळतो. पावसाळ्यात पेटी झाकून ठेवावी, पण रोज वाजवावी. अनेक दिवस बंद राहिलेल्या भात्यात झुरळे आणि उंदीर घर करतात.

तंबोरा स्पीकरवर, गंधार पेटीवर

ध्वनिसंचाचा सर्वांत मोलाचा उपयोग तंबोरा ऐकण्यासाठी आहे. मिरजेत घडणाऱ्या तंबोऱ्यांसाठी लागणारे भोपळे आपल्या जिल्ह्यातील पंढरपूर-मंगळवेढा भागात पिकतात. तरीही खरा तंबोरा घरी असणे सर्वांना शक्य नसते, आणि रियाजासाठी चांगले ध्वनिमुद्रण किंवा ॲपमधील तंबोरा पुरेसा होतो. अट एवढीच की तो फोनच्या स्पीकरवर ऐकू नये. पुरुषांच्या गळ्याला सोयीच्या काळी एकच्या पट्टीत (सप्तकातील पहिली काळी कळ हा षड्ज) खर्जाची तार सुमारे ६९.३ हर्ट्झवर असते. फोनचा इवलासा स्पीकर इतका खालचा स्वर जवळजवळ ऐकवतच नाही, म्हणजे ज्या पायावर सूर लावायचा तोच पाया गायब होतो.

संचाची मांडणी अशी करावी. टोन कंट्रोल मध्यावर, लाउडनेसचे बटण बंद आणि सबवूफर असल्यास तोही बंद ठेवावा. दोन्ही स्पीकर वापरले तरी चालतात, पण एकाच स्पीकरमधून मोनो ऐकल्यास लक्ष अधिक टिकते. तंबोऱ्याचा आवाज पेटीपेक्षा कमी ठेवावा, मात्र पेटी थांबताच तो भरून ऐकू आला पाहिजे.

आता दिवे मालवून, पेटीला हात न लावता, केवळ खर्जाच्या तारेकडे लक्ष द्यावे. तार छेडल्यानंतर काही क्षणांत तिच्या नादात वर कुठेतरी गंधार ऐकू येऊ लागतो. गवई यालाच स्वयंभू गंधार म्हणतात. तारेच्या मूळ कंपनाच्या पाचपट असलेला हा स्वरांश (तारेच्या नादात आपोआप मिसळलेला वरचा स्वर) असून काळी एकच्या पट्टीत तो सुमारे ३४६.५ हर्ट्झवर येतो. चांगल्या स्पीकरवर तो पहिल्या बैठकीतच सापडण्याची शक्यता मोठी असते. तो सापडला की त्याच्याशी जुळवून मध्य सप्तकातील गंधार गळ्याने लावावा. गाता येत नाही ही सबब इथे चालत नाही, कारण गुणगुणण्याइतका आवाज प्रत्येकाला असतो आणि श्रोता एवढ्यात कोणी नसतो.

गळ्याचा गंधार स्थिरावला की पेटीवर काळी एकचा गंधार, म्हणजे पांढरी चार, दाबून धरावा. पेटीतील या स्वराचे कंपन सुमारे ३४९.२ हर्ट्झ आहे. तंबोऱ्यातील ३४६.५ आणि हा ३४९.२ एकत्र वाजले की सेकंदाला साधारण पावणेतीन ठोके पडतात, म्हणजे आवाज तितक्या वेळा लाटेसारखा वरखाली होतो. पेटीचा गंधार शुद्ध गंधारापेक्षा जवळपास चौदा सेंट चढा असल्याचा हा प्रत्यक्ष पुरावा. यानंतर पंचम वाजवून पाहावा. तिथे फरक जेमतेम दोन सेंटचा असल्यामुळे ठोके इतके संथ असतात की तंबोरा आणि पेटी एकजीव झाल्यासारखी वाटतात. हा प्रयोग ज्याने कान देऊन केला, त्याला पेटीवर गंधार का रेंगाळवू नये आणि षड्ज-पंचमावर का विसावावे, हे कोणी वेगळे सांगावे लागत नाही. पुढे कित्येक महिने रोजच्या रियाजाची पहिली दहा मिनिटे अशीच, गळा आणि तंबोरा यांच्यात जावीत. पेटी त्यानंतर उघडावी.

पहिले तीन महिने

मांडी घालून ताठ बसावे, पेटी इतकी जवळ घ्यावी की कोपर शरीरापासून फार दूर जाणार नाही, आणि डाव्या हाताने भाता लहान, सारख्या झोक्यांत मारावा. नवशिका प्रत्येक स्वराला भात्याचा धक्का देतो आणि त्यामुळे ओळ तुटक होते. यावर उपाय म्हणजे एकच स्वर धरून, त्याचा आवाज कमी-जास्त न होऊ देता एक मिनिटभर भाता मारणे. हे कंटाळवाणे आहे, पण टाळू नये.

सुरुवातीची पट्टी म्हणून काळी एक घ्यावी. तिचा षड्ज, ऋषभ, मध्यम, पंचम आणि धैवत काळ्या पट्ट्यांवर येतात, तर गंधार आणि निषाद पांढऱ्यांवर. त्यामुळे आखूड अंगठा त्या दोनच जागी ठेवता येतो आणि लांब बोटे आपोआप काळ्या पट्ट्यांवर पडतात. षड्जावर तर्जनी, ऋषभावर मधले बोट, गंधारावर अंगठा, मग पुन्हा तर्जनीपासून मध्यम, पंचम, धैवत आणि निषादावर अंगठा अशी चाल बसवावी. बिलावल थाटाचे आरोह-अवरोह आणि सारेग, रेगम, गमप असे पलटे दर मिनिटाला साठ मात्रांच्या लयीत वाजवावेत. स्वरांची नावे मोठ्याने म्हणत वाजवले तरच त्याचा फायदा होतो. लय वाढवण्याची घाई करू नये. ज्या लयीत सलग दहा वेळा चूक होत नाही, तीच आपली आजची लय.

एक गंमत इथे सांगण्यासारखी आहे. काळी तीनला षड्ज मानून फक्त काळ्या पट्ट्या वाजवल्या की भूपाचे स्वर मिळतात, आणि काळी पाचला षड्ज मानले की त्याच काळ्या पट्ट्यांतून मालकंसाचे स्वर निघतात. पट्ट्या तशाच राहतात, फक्त षड्ज बदलतो. सोबत तंबोरा योग्य पट्टीत लावला तरच हा फरक जाणवतो, त्याशिवाय नाही.

लयीसाठी तबल्याच्या ॲपवरील ठेका लावताना ब्लूटूथ स्पीकर किंवा हेडफोन टाळावेत. तंबोऱ्याला ब्लूटूथ चालतो, कारण त्यात वेळेचा प्रश्नच नसतो. परंतु पेटीचे ध्वनिमुद्रण ठेक्यासोबत करायचे असेल, किंवा संगणकाला जोडलेला कीबोर्ड वाजवायचा असेल, तर ब्लूटूथमुळे होणारा दीड-दोनशे मिलिसेकंदांचा उशीर सगळे बिघडवतो. मिनिटाला १२० मात्रांच्या लयीत चौगुणीतील (एका मात्रेत चार स्वर) एका स्वराला १२५ मिलिसेकंद मिळतात, म्हणजे हा उशीर एका स्वराहूनही मोठा ठरतो. त्याउलट तीन मीटरवरील स्पीकरचा आवाज कानापर्यंत यायला जेमतेम नऊ मिलिसेकंद लागतात. साधी तार वापरावी.

संग्रहातून शिकणे

शौकिनाचा संग्रह हे त्याचे दुसरे भांडवल आहे, पण ऐकण्याची पद्धत बदलावी लागते. आठवड्याला एकच ध्वनिमुद्रण निवडावे आणि त्यातली केवळ पेटी ऐकावी. भीमसेन जोशी यांच्या मैफलींतील अप्पा जळगावकरांची साथ किंवा तुळशीदास बोरकरांची साथ यासाठी उत्तम. स्टिरिओ ध्वनिमुद्रणात पेटी बहुधा एका बाजूला असते, त्यामुळे नीट मांडलेल्या स्पीकरवर तिचा माग सहज काढता येतो. गवई श्वास घेतो तेव्हा पेटी काय करते, तान सुरू झाल्यावर ती मागे किती राहते, गवई न्यासावर (ओळ जिथे विसावते त्या स्वरावर) थांबल्यावर तिचा आवाज कसा उतरतो, हे कागदावर टिपावे. एकल वादनासाठी गोविंदराव टेंबे आणि पी. मधुकर यांची जुनी ध्वनिमुद्रणे आहेत. ती मोनो आहेत आणि त्यांत खरखर आहे. ती खरखर काढण्याच्या नादात संध्याकाळ घालवू नये.

एखादी ओळ उचलायची असेल, तर ॲपवर गती पंचाहत्तर टक्क्यांपर्यंत खाली आणावी. पन्नास टक्क्यांखाली स्वरांचे आरंभ पुसट होतात आणि बोटांची चाल कळत नाही. चार मात्रांचा तुकडा पुन्हा पुन्हा वाजवून आधी गळ्याने म्हणावा, त्यानंतरच पेटीवर शोधावा. थेट पट्ट्यांवर चाचपडत शोधलेली ओळ हाताला पाठ होते, कानाला होत नाही.

स्वतःचे ध्वनिमुद्रण

आठवड्यातून एकदा स्वतःचे पाच मिनिटांचे वादन मुद्रित करावे. फोन चालतो, फक्त रेकॉर्डिंग ॲपमध्ये आवाज आपोआप कमी-जास्त करणारी सोय बंद असावी, नाहीतर भात्याचे सगळे दोष झाकले जातात. वेगळा माइक असेल तर तो पेटीपासून दोन-तीन फूट अंतरावर, थोडा वरून ठेवावा. जवळ आणल्यास पट्ट्यांची खटखट आणि भात्याची धाप जास्त येते. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, आणि सर्वांत मोठा आवाज उणे बारा डेसिबलच्या आसपास, एवढी काळजी पुरे.

मुद्रण त्याच दिवशी ऐकू नये. दुसऱ्या दिवशी मुख्य स्पीकरवर ऐकावे आणि वहीत तीनच गोष्टी लिहाव्यात: लय कुठे पुढे धावली, भात्याचा धक्का कुठे ऐकू आला आणि कोणत्या स्वरावर हात अडखळला. ध्वनीचा पोत, माइकची निवड, खोलीची गुंज यांविषयी एक शब्दही लिहू नये. शौकिनासाठी हा नियम सगळ्यांत कठीण आहे, आणि तो पाळला नाही तर तीन महिन्यांत माइक बदलतो, वादन तसेच राहते.

शिक्षक, परीक्षा आणि मंडळ

हाताची ठेवण चुकीची बसली की ती मोडायला फार कष्ट पडतात, म्हणून निदान पहिल्या काही महिन्यांत आठवड्यातून एकदा समोर बसून शिकवणारा शिक्षक हवाच. शिस्त हवी असल्यास अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिक आणि प्रवेशिका या परीक्षांचा अभ्यासक्रम उपयोगी आहे. परीक्षा दिली नाही तरी त्यातले राग आणि ताल क्रमाने करता येतात.

दहा-बारा पलटे, भूप, आणि भजनी ठेक्यात बसणारे दोन-तीन अभंग हाती आले, की जवळच्या भजनी मंडळात जाऊन बसावे. आधी काही आठवडे टाळ धरावा आणि पेटीवाल्याचे हात पाहावेत. मंडळाची पट्टी घरच्या काळी एकपेक्षा बरीच चढी असते, शिवाय ती गाणाऱ्या बुवांनुसार बदलते. वेगवेगळ्या पट्ट्यांत बोटे फिरवण्याचा रियाज तिथे कामी येतो. साथ करताना गाणाऱ्याच्या किंचित मागे राहावे आणि आवाज त्याच्यापेक्षा लहान ठेवावा. मंडळाच्या मिक्सरला बोलावल्याशिवाय हात लावू नये. माइक शिट्टी मारत असेल आणि कोणी विचारलेच, तर पेटीचा माइक स्पीकरच्या मागच्या बाजूला घेण्याचा सल्ला द्यावा आणि पुन्हा पेटीवर बसावे.

नवा खर्च एवढ्यात काढू नये. वर्षभर रियाज टिकला, तर पहिला खर्च पेटी सुरात लावून घेण्यावर करावा आणि दुसरा मिरजेच्या तंबोऱ्यावर.